पाण्याच्या रेषेवरचं भोक

हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा टाकीची काच पुसायची होती. एकदा पाण्यातलं मीठ तपासायचं होतं. तिसऱ्यांदा काहीच करायचं नव्हतं, तरी उठले. आज प्रयोगशाळेत कुणी नाही, मोटर तिच्या एका सुरात घुमते आहे आणि मी ठरवलंय की – निदान आज तरी – या खुर्चीवरून हलायचं नाही. चार वर्षं झाली. आईला माहीत नाही. जिच्याबरोबर मी डब्यातली चटणीसुद्धा वाटून खाते त्या मैत्रिणीला माहीत नाही. तुम्ही पहिले. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, कदाचित म्हणूनच सांगता येतंय.

दमले आहे, हे आधी सांगते. गोष्ट लपवायला काय लागतं – गप्प बसायचं, बास. मलाही असंच वाटायचं. पण तसं नसतं. घरी जेवत असेन, एस.टी.त असेन, गावातले दिवे गेले की माझं मन आधी या खोलीत येतं आणि दोन टाक्यांमधल्या पाइपावर जाऊन बसतं. चार वर्षं हेच चाललंय. माणूस दमेल नाही तर काय होईल?

टाकीपासून सुरू करते. टाकीबद्दल बोलणं सोपं आहे.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, प्राणिशास्त्र. आमच्या मॅडमच्या मनात होतं की विभागात खाऱ्या पाण्याची टाकी हवी, आणि तिच्यात दुकानातले रंगीत मासे नकोत, आपल्याच किनाऱ्यावरचे जीव हवेत. काशीदच्या खडकांत ओहोटीला जी डबकी राहतात त्यातले काळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे, शंखात राहणारे खेकडे, हात लावला की मिटणारी समुद्रफुलं. मुलं मासे रोज ताटात बघतात, जिवंत कधी बघतात, असं मॅडम म्हणायच्या. एका शुक्रवारी पाहुणे येऊन टाकीचं उद्घाटन करणार होते. काम करायला दोन माणसं नेमली. एक मी. दुसरे बाळाराम मामा.

मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. प्रयोगशाळा उघडायची, बरण्या पुसायच्या, नळ गळला तर बसवायचा, सगळं तेच. पण ते माझ्या गावचेही होते. रक्ताचं नातं नाही, आमचा अख्खा गावच त्यांना मामा म्हणतो. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म त्यांनीच आमच्या घरी आणला होता. वडील रेवसच्या धक्क्यावर माल चढवायला गेले होते, आई पाट्यावर वाटत होती. मामा ओटीवर बसून म्हणाले, "वैनी, पोरगी हुशार हाय. आता हिला पाटा नको दावू." आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. फॉर्म कसा भरतात हेही कुणाला माहीत नव्हतं. जातीच्या दाखल्यापासून फोटोपर्यंत सगळं मामांनी बघितलं. हे लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करते, पण तुम्ही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची शेती खारीतली. खाडी आणि भातशेतं यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बांधात एके ठिकाणी पाण्याचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून खाडीत जातं. भरतीला तिची लाकडी झडप पाण्याच्या दाबानेच मिटते. पण उधाणाच्या भरतीत नुसत्या झडपेवर विसंबता येत नाही. झडपेत काटकी अडकते, शंख अडकतो. म्हणून आतल्या बाजूने फळी टाकावी लागते, आणि ती वेळेवर टाकायला माणूस लागतो. आमच्या गावात तो माणूस म्हणजे बाळाराम मामा. त्यांच्या आधी त्यांचे वडील. नोकरी सांभाळून तीस वर्षं मामांनी तिथी-भरती बघत ती फळी टाकली आणि काढली. एकदाही राहिली नाही. गावात लग्न ठरवताना मुलाकडचे विचारायचे, पाणी शिरतं का तुमच्या शेतात? तर लोक म्हणायचे, उघाडीवर बाळाराम आहे. एवढं बोलून विषय संपायचा.

तर टाकी. वर काचेची मोठी टाकी, मासे तिच्यात. खाली कपाटात दुसरी टाकी, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी काठावरून सांडून खाली येतं, खाली गाळून स्वच्छ होतं आणि मोटर ते पाइपातून पुन्हा वर ढकलते. चोवीस तास हेच. मामांना ते नाव फार आवडलं. "नाव सम्प, आन सुट्टी एक दिवस न्हाय," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

पाइप जोडायला मला त्यांनी शिकवलं. करवतीने सरळ कसं कापायचं, कापल्यावर कड कानशीने कशी मारायची, सोल्युशन लावून पाइप आत घालताना पाव फेरी का फिरवायची, मोटरच्या जवळ फिरकीचा जोड का ठेवायचा – म्हणजे साफ करायला मोटर सुटी काढता येते. वर्गातली मुलं दारातून डोकावून म्हणायची, "काय प्लंबर मॅडम, आमच्या घरचा फ्लश गळतोय." मामा त्यांना म्हणायचे, "तुमच्या घरचं पहिलं नाक गळतंय ते पुसा." मला तेव्हा फार बरं वाटायचं. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा मला असं काही येत होतं जे त्या मुलांना येत नव्हतं.

मोटरच्या वर त्यांनी एकमार्गी झडप बसवली. वर जाणारं पाणी जाऊ देते, उलटं येणारं अडवते. "ही आपली उघाडी," मामा म्हणाले. "जायला दार, यायला भिंत. पन हिच्यावर भरवसा न्हाय ठेवायचा, बाय. उघाडीवर ठेवतो का आपन? पानी झोपत न्हाय. आपन झोपतो." मग यावर फळी काय टाकणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हाय एक युक्ती. मॅडमनी सांगितलीय. तू ये दोन दिसांनी, दावतो."

दोन दिवसांनी असं ते म्हणाले, कारण मी गावी चालले होते.

आमच्याकडे पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाआधी घरटी एका माणसाने बाहेरकाठ्यावर जायचं असतं. वडिलांची कंबर धरली होती, म्हणून मी गेले. मामांच्या घरून त्यांचा मुलगा आला होता. दोन दिवस गुडघाभर चिखलात होतो. बांधाला सगळ्यात मोठा धोका लाटेचा नसतो, भोकाचा असतो. चिंबोरी बीळ पाडते, त्यातून बोटाएवढी पाण्याची धार येते आणि दोन भरत्यांत तिथे खांड पडते, सगळं खारं पाणी शेतात. म्हणून आमच्याकडे लहानपणापासून एकच शिकवतात. बांधातून पाणी येताना दिसलं की विचारत बसायचं नाही, आधी भोक बुजवायचं. मी एका बिळात बोट घालून बघत होते तर शेजारची काकी ओरडली, "अगो ए कॉलेजवाली! बोट काय घालतंस, चिंबोरीला नाव इचारतंस? टाच ठेव, टाच!" सगळ्या बाया हसल्या. मी टाच रोवली, वर चिखलाचा गोळा दाबला, ओल्या तळव्याने सारवून सपाट केला. दोन दिवसांत अशी किती भोकं बुजवली असतील मी? मोजली नाहीत. हात आपोआप जात होते.

शनिवारी दुपारी कॉलेजात आले तेव्हा नखांत अजून तोच चिखल होता.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मामा त्या दिवशी अर्धा दिवस काम करून भाचीच्या हळदीला गेले होते. रविवार-सोमवार लग्नाचे, ते मंगळवारी येणार. टाकी भरलेली होती, रेवदंड्याहून कॅनमधून आणलेलं पाणी नितळ झालं होतं, मासे सोडले होते. मोटर चालू. मी कौतुकाने चारी बाजूंनी बघत मागे गेले – आणि पाइपातून धार येताना दिसली.

बारीक होती. वरच्या टाकीत पाइप काठावरून आत वळून खाली जातो, तिथे, बरोबर पाण्याच्या रेषेवर, तांदळाच्या दाण्याएवढं भोक होतं. त्यातून धार उडून काचेवर आपटत होती. काचेवर मिठाची पांढरी खपली धरली होती, शेजारच्या ट्यूबच्या पट्टीवरही.

तुम्ही ओळखलं असेल. मी नाही ओळखलं. मॅडमची युक्ती ती हीच. वीज गेली, मोटर थांबली, की पाइपातलं पाणी उलटं फिरतं आणि वरच्या टाकीतलं पाणी आपल्याबरोबर ओढून खाली नेतं. भोक असलं की पाणी बोटभर उतरताच त्यातून हवा शिरते आणि ती ओढ तुटते. भोक नसलं आणि झडपेनेही दगा दिला, तर पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत वरची टाकी खाली येत राहते. मामांनी भोक बरोबर जागी पाडलं होतं. पाण्याच्या रेषेवर. केसभरही इकडेतिकडे नाही.

मला काय वाटलं? मला वाटलं, मामांच्या हातून राहिलंय. पाइप जुना असेल, चिरला असेल, त्यांना हल्ली बारीक दिसत नाही. मॅडम बघतील आणि शुक्रवारच्या आधी त्यांना बोलतील. म्हणून मी त्यांच्याच पेटीतून लांबी काढली, गळती बुजवायची ती पुट्टी, तिच्या दोन कांड्या एकत्र मळल्या, मोटर मिनिटभर बंद केली, पाइप पुसला, गोळी भोकात दाबली, आणि ओल्या बोटाने फिरवून फिरवून सपाट केली. पाइप राखाडी, लांबीही राखाडी. सुकल्यावर बघितलं तर मलाच जागा सापडेना. मी खूश झाले. मंगळवारी मामांना सांगू, म्हटलं, तुमची गळती मी काढली.

इथपर्यंत मी कुणालाही सांगू शकले असते. इथपर्यंत ती चूक होती. आमच्या खारीतल्या कुणाही मुलीने केली असती अशी. मी गेली चार वर्षं मनातल्या मनात ही गोष्ट इथपर्यंत सांगते आणि थांबते. इथपर्यंत मी चांगली असते.

मंगळवारी पहाटे वीज गेली. झडपेत एक शंख अडकला होता, नखाएवढा, नंतर सापडला. सकाळी आम्ही आलो तेव्हा वरच्या टाकीत चार बोटं पाणी होतं. खालची टाकी भरून वाहिली होती. पाणी फरशीवर पसरून बोर्डापर्यंत गेलं होतं, त्यामुळे वीज परत आली तरी या खोलीत आली नव्हती. मोटर बंद, हवा बंद. चौदा मासे होते, त्यातले अकरा आडवे पडले होते. समुद्रफुलं उघड्या दगडांवर ओल्या रुमालासारखी लोंबत होती. शंखातले खेकडे तेवढे चालत होते, त्यांना काय.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर – पण नाही, असं म्हणत नाही. त्यांनी साडी जरा वर धरली, टाकीजवळ गेल्या आणि विचारलं, "मामा, रिटर्नच्या पाइपाला भोक पाडायला सांगितलं होतं मी. पाडलं होतं का?"

"पाडलं व्हतं, मॅडम."

"कुठे?"

मामा मागच्या बाजूला आले. हळदीचा पिवळेपणा अजून त्यांच्या नखांवर होता. खोली अंधारी, पाइप भिंतीकडे. मला म्हणाले, "बाय, मोबाइलचा टॉर्च धर."

मी धरला.

आता हळू लिहिते. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाइपावर बोट ठेवलं. वरून खाली आले. पुन्हा वर गेले. त्या क्षणी मला कळलं. भोक म्हणजे काय, कशासाठी, मी काय केलंय – सगळं एकदम, कुणी समजावून न सांगता. त्यांचं बोट त्या जागेच्या जवळ येत होतं. लांबी कितीही सारवली तरी नीट उजेड तिरका पडला असता तर कडेची रेघ दिसली असती. मला दिसत होती. आणि मी – टॉर्च वर घेतला. फार नाही. दोन बोटं. उजेड पाइपाच्या वळणावर गेला आणि ती जागा सावलीत गेली.

मामा म्हणाले, "जरा खाली, बाय." मी खाली आणला, पण सरळ समोरून, म्हणजे रेघ दिसणार नाही असा. एवढं गणित मला त्या वेळी सुचलं. कुठून सुचलं? मला आजही माहीत नाही. मी साधी मुलगी आहे, मला खोटं बोलता येत नाही, असं आई सगळ्यांना सांगते.

त्यांनी तीनदा पाइप चाचपला. मग त्यांचं बोट थांबलं. ते बोट थांबलेलं मी पाहिलं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पाडलं व्हतं मी. ड्रिल घेतली... बारीक टोक लावलं... मग हळदीची घाई व्हती." चष्मा पुन्हा कपाळावर केला. "का न्हाय पाडलं?"

मॅडमनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "असू दे मामा. होतं असं. वय होतंय आता आपलं सगळ्यांचं." अगदी मायेने म्हणाल्या. त्या मायेला मी काय करणार होते? मी मध्ये बोलले असते तर एका वाक्याचं काम होतं. मॅडम, भोक होतं, मी बुजवलं. पाच शब्द. मॅडम मला काढून टाकणाऱ्या नव्हत्या. त्या सुट्टीत एका संशोधन केंद्रात शिकायला पाठवण्यासाठी त्या माझं नाव देणार होत्या, ते कदाचित दिलं नसतं. बस, एवढंच. आणि दारात ती मुलं उभी होती, प्लंबर मॅडमवाली. हीसुद्धा कारणं नाहीत. मी तुम्हाला फक्त तिथे कोण कोण होतं ते सांगते आहे.

अहवाल मीच लिहिला. मॅडम म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे. मी लिहिलं, "परतीच्या पाइपाला भोक पाडल्याचे आढळले नाही." हे वाक्य मी बराच वेळ घेऊन शोधलं होतं. प्रत्येक शब्द खरा आहे, बघा. मामांनी खाली सही केली. सही करताना म्हणाले, "तू बरं लिवलंस. पाडलं न्हाय, असं न्हाय लिवलंस. सांभाळून घेतलंस मला."

उद्घाटन रद्द झालं. बाहेरचा प्लंबर येऊन नवा पाइप, नवी झडप बसवून गेला. जुन्या पाइपाचा लांबी भरलेला तुकडा मी कापून पिशवीत घालून घरी नेला. टाकून दिला असता तरी चाललं असतं. नाही टाकला. मॅडमनी माझं नाव पाठवलं, मी त्या केंद्रात शिकून आले, एम.एस्सी. झाले. आज याच प्रयोगशाळेत मी बसले आहे, आणि टाक्या आता तीन आहेत.

मामांचं काय झालं, तर बाहेरून बघितलं तर काहीच नाही. नोकरी गेली नाही, कुणी बोललं नाही. फक्त ते दार बंद करून दहा पावलं गेले की परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. मग खिशात खडू ठेवायला लागले. गॅस बंद केला की भिंतीवर एक रेघ, नळ बंद केला की एक रेघ. संध्याकाळी रेघा बघून मगच घरी. मुलं हसायची – "मामा, हजेरी घेताय का गॅसची?" पूर्वी मामांनी त्यांना असं काही सुनावलं असतं की आठवडाभर पुरलं असतं. आता म्हणायचे, "व्हय रे बाबा, डोक्यात राहत न्हाय माज्या." मला म्हणाले, "बाय, तू एका कागदावर लिवून दे, रोज काय काय बघायचं." मी लिहून दिलं. चांगल्या अक्षरात. तो कागद त्यांनी दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दाराच्या मागे लावून ठेवला होता.

खरंच विसरत होते का ते? मी बारकाईने बघत असे. एकदाही, एकदाही त्यांच्या हातून काही राहिलेलं मला दिसलं नाही.

वाटतं ना, इथे संपलं? मलाही वाटत होतं. मामा निवृत्त झाले, दिवसभर गावातच असायचे, मी सुट्टीत गेले की लांबून हात करायचे. मी म्हणायचे, जुनी गोष्ट आहे, आता सांगून काय. हे "आता सांगून काय" फार कामाचं असतं. रोज म्हणता येतं.

मग गेल्या महिन्यात मी घरी गेले होते. दुपारची वेळ, ओहोटी होती. मामांनी मुलाच्या हाती निरोप पाठवला, उघाडीवर ये म्हणून. मी गेले. ते बांधावर बसले होते, शेजारी ती फळी, काळी पडलेली, कडा पाण्याने गोल झालेल्या. त्यांच्या वडिलांच्या हातची.

म्हणाले, "बस. एक इचारायचं हाय." मी बसले. "गावाला सांगणार हाय मी, उघाडी दुसऱ्याकडे द्या. उद्या मीटिंग हाय. पोरगा नको म्हनतो, लोक नको म्हनतात. तीस वर्सांत एक चूक न्हाय, म्हनतात. पन त्यांना कुठं माहीत हाय." ते खाडीकडे बघत होते. "ते मासे मेले, तवापासनं माजा माज्यावर भरवसा न्हाय. फळी टाकून घरी जातो, निम्म्या वाटेवर वाटतं टाकली का न्हाय. परत येतो. टाकलेली असते. परत जातो. परत वाटतं. ह्या वर्सी एका भरतीला चार येळा आलो, बाय."

मामांनी फळीवर हात ठेवला.

"म्हनून इचारतो. त्या दिशी टॉर्च तुज्या हातात व्हता. माजी नजर अधू. तुजी न्हाय. मला अजून त्या ड्रिलचा आवाज कानात हाय, पाइपाचा चुरा बोटाला लागलेला आठवतो. तर तुला तरी दिसलं व्हतं का भोक? असलं तर सांग. म्हंजे मी उद्या जात न्हाय मीटिंगला."

तुम्हाला सगळं आयतं समोर मांडून कुणी विचारलंय का कधी? मला विचारलं होतं. तिथे मॅडम नव्हत्या, मुलं नव्हती, अहवाल नव्हता. चिखलात निवट्या, ते बोटाएवढे मासे, उड्या मारत होत्या, बस. माझं काहीच जाणार नव्हतं. किंवा – एक जाणार होतं. ओटीवर बसून आईला "पोरगी हुशार हाय" म्हणणारा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती नजर.

मी म्हणाले, "नाही मामा. नव्हतं दिसलं."

ते खाडीकडे वळले. मग मान हलवली. "बरं झालं इचारलं. आता डोक्यातनं जाईल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले. फळी त्यांनी उचलली नाही, तिथेच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मी नव्हते, कॉलेजला परत आले होते. आईने फोनवर सांगितलं, सगळ्यांनी समजावलं पण बाळाराम मामांनी ऐकलं नाही, फळी गावाच्या स्वाधीन केली. आई म्हणाली, "केवढा प्रामाणिक माणूस बघ. स्वतःहून म्हणाला, माझ्याकडून आता चुका होतात."

पाइपाचा तो तुकडा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. सकाळी मी त्याचं एक तोंड बुचाने बंद करून दुसऱ्या तोंडातून पाणी भरलं आणि धरून बघितलं. चार वर्षांनीही लांबी एक थेंब सोडत नाही.

उद्या पौर्णिमा आहे. उधाण येईल. उघाडीवर मामा नसतील.

भोक होतं. बाळाराम मामांनी ते पाडलं होतं, पाण्याच्या रेषेवर, हवं तिथेच. ते मी बुजवलं. टॉर्च मी वर धरला. आणि त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले, तीही मीच.